किमान पाच होकार

ता. ३० एप्रिल १९३९. अनसिंग.

वाशीमच्या शाळेला सुट्टी लागली. काल संध्याकाळी घरी पोचलो. सुट्टीचे संकल्प : पहाटे उठणे. सँपलिंगच्या पुस्तकातला रोज एक धडा वाचणे. दुपारी न झोपणे. उदास न होणे.

शेवटचा संकल्प उगाच लिहिला. मी उदास नाहीच. रुख्मिणीला जाऊन सात महिने झाले. ताप आला, गेली. लोकांच्या बायका जातात. घर थोरली बहीण सांभाळते. तिचं नाव मनकर्णाबाई, आम्ही सगळे तिला नुसतं बाई म्हणतो. बाईने रुख्मिणीच्या घागरी माळ्यावर टाकल्या आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरातली पाण्याची दगडी घडवंची अर्धी रिकामी दिसते. रिकामी असलेली बरी. हवा खेळते.

ता. २ मे.

पहिला संकल्प मोडला. उकाड्याने रात्री झोप नाही, मग पहाटे जाग कुठून? उद्यापासून.

एक विचित्र गोष्ट. बाई पाणी आणायला स्टेशनच्या विहिरीवर जाते. एवढ्या लांब! आमच्या परसामागेच बारव आहे, पायऱ्या उतरल्या की पाणी, तेही गोड. विचारलं, इथे का नाही जात? म्हणाली, "तिकडं कोनी जात नाई आता." का? तर तिची भाकरी करपत होती. तव्यावर भाकरी नव्हतीच.

सायंकाळी निजामुद्दीनकडून कळलं. निजामुद्दीन माझा लहानपणचा दोस्त, बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. भर दुपारी बारवेत कोणी बाई दिसते म्हणे. पायऱ्या उतरते, घागर भरते आणि वर येत नाही. शेजारची गोमतीबाई तिला बघून पळाली, पडली, हात मोडून घेतला. तेव्हापासून सगळं गाव स्टेशनवर पाण्याला जातं. मे महिन्यात!

कसली बाई, कोण बाई, असं विचारलं. निजामुद्दीन बांगड्या पुसत राहिला. म्हणाला, "आता बाई म्हंजे बाई."

अडाणीपणा. दुसरं काय.

ता. ४ मे.

चावडीवर गेलो. पुंजाजी पाटलांचं म्हणणं, बारवेच्या तोंडावर काट्या टाकून ती बंद करावी, आणखी कोणाचं हाडबीड मोडायला नको. मी उभा राहिलो. म्हटलं, पाटील, चार जणांनी पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं असं होत नाही. प्रमाण किती? प्रपोर्शन काय? शास्त्रीय पद्धतीने काढून देतो. प्रमाण नगण्य निघालं तर बारव उघडी राहील, बायकांचे पाय वाचतील.

सगळे खाली बघू लागले. विद्वत्तेचा असा परिणाम होतो.

पाटील हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी नका पडू याच्यात." मी पडणारच म्हणालो. शेवटी मृग लागेपर्यंत मुदत मिळाली.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

ता. ६ मे.

पद्धत ठरली. गावातल्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या. घागरीत घालून हलवून पन्नास काढल्या. रँडम! प्रत्येक घरी एका मोठ्या माणसाला एकच प्रश्न : तुम्ही स्वतः पाहिलं का? ऐकीव चालणार नाही.

बाईला ज्वारीवरून समजावलं. कणगीतून मूठभर ज्वारी काढली. तीत किडके दाणे किती ते मोजलं, की सगळ्या कणगीत साधारण किती ते कळतं. दुसऱ्या मुठीत थोडे कमीजास्त निघतील. पण अशा पुष्कळ मुठी काढल्या तर बहुतेक मुठींचं प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळपास जमतं, लांबची थोडीच. मधे ढीग, दोन्हीकडे उतार. हाच तो नॉर्मल कर्व्ह. म्हणून एका मुठीवरूनही सांगता येतं की खरं प्रमाण इथपासून इथपर्यंत असणार. मुठीमुठीत साधारण जेवढा फरक पडतो तो स्टँडर्ड एरर. दोन स्टँडर्ड एरर इकडे, दोन तिकडे.

बाई म्हणाली, "किडकी ज्वारी निवडाची असन तं निवड नं, मोजत कायले बसतं?"

ता. ९ मे.

पन्नास घरं झाली. लोकांचं सहकार्य अपूर्व. जाईन तिथे ताक, गूळ, पानसुपारी. एका घरी तर मी प्रश्न विचारायच्या आधीच "नाई" मिळालं. इतकी तत्परता मी वर्गातसुद्धा पाहिली नाही.

निजामुद्दीन म्हणाला, "मी कायले पाहीन बाप्पा? मी तं मान खाली घालूनच जातो." आत त्याची बायको शाहजादी नाक ओढत होती. रुख्मिणी बांगड्या भरायला तिच्याकडेच बसायची, तास तास. काय झालं विचारलं तर म्हणाली, कांदा चिरून राह्यली. घरात कांद्याचा वास नव्हता. मला सर्दी असावी.

होकार फक्त दोन. एक बहिरा म्हातारा. त्याला तू मेलास का विचारलं तरी तो हो म्हणेल. दुसरी कमलीबाई. ती म्हणाली, "हो, पाह्यली! आन् कोन हाय ते बी—" तेवढ्यात सासूने तिचा दंड धरून आत ओढलं. घरगुती भांडण असेल. मी होकार तेवढा मांडला.

ता. १२ मे. दुपार.

हिशेब. पन्नासात दोन, म्हणजे चार टक्के. स्टँडर्ड एरर पावणेतीन टक्क्यांच्या वर. दोन्हीकडे दुप्पट धरली. वरची मर्यादा साडेनऊ टक्के. खालची उणे दीड.

उणे दीड टक्के.

पुन्हा केलं. उणे दीडच. म्हणजे गावातल्या किमान उणे दीड टक्के लोकांनी ती बाई पाहिली आहे. कोण हे लोक? ज्यांनी पाहिली नाही ते तर शून्यात आले. शून्याच्याही खाली कोण आहे?

पुस्तकात नियम आहे : होकार किमान पाच आणि नकार किमान पाच हवेत, नाहीतर नॉर्मल कर्व्ह लावू नये, कारण प्रमाण फार लहान असलं की खरा ढीग एका अंगाला कलतो आणि आपला सरळ कर्व्ह त्याच्यावर बसत नाही. माहीत आहे मला. पण हे नियम विद्यार्थ्यांसाठी असतात.

कर्व्ह कागदावर काढला. डावा पाय शून्याच्या रेघेखालून पलीकडे जातो. बराच वेळ त्या पायाकडे बघत बसलो. दुपारी झोपायचं नाही हा संकल्प आज पाळला गेला.

ता. १४ मे.

चावडीवर कर्व्ह दाखवला. निजामुद्दीन म्हणाला, ही तर पालथी घातलेली टोपी. पाटलांनी विचारलं, "आन् हे उणं म्हंजे?" मी सांगितलं, ती तांत्रिक बाब आहे. "पन उणं मानूस कसं दिसते, मास्तर?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसे आजाऱ्याकडे बघतात.

घरी येताना ठरवलं, नियम पाळायचाच. सँपल वाढवायचं. होकार पाचपर्यंत न्यायचे, मग कर्व्ह चपखल बसेल आणि भूत नाही हे निर्विवाद सिद्ध होईल. म्हणजे भूत नाही हे सिद्ध करायला आता मला भूत पाहिलेली आणखी तीन माणसं पाहिजेत.

ता. १७ मे.

पन्नासाची नव्वद घरं झाली. होकार दोनच. या गावात पुढे यायची वृत्तीच नाही. एवढं गाव, आणि तीन माणसं भूत पाहत नाहीत!

आज लोकांना थोडी मदत केली. नीट आठवा म्हटलं. दुपारची वेळ, हिरवं लुगडं असेल कदाचित, घाई नाही. एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाही म्हणाली.

बाईने रात्रीच्या जेवणाला विचारलं, "शालिक, तुले ती नसाले पायजे का असाले?" मी सांगितलं, हा प्रश्न सँपल साइजचा आहे. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी मागितला नव्हता.

ता. २० मे.

दुपारी घरात एकटाच होतो. बाई स्टेशनला पाण्याला गेलेली. गल्लीत चिटपाखरू नाही, पत्र्यावर ऊन तडतडत होतं. पुस्तक वाचत होतो. आत घडवंचीवर कोणी घागर ठेवल्याचा आवाज झाला. ओली घागर दगडावर ठेवताना होतो तसा, आधी खण, मग किंचित फिरवल्यासारखा.

उठून बघितलं. कोणी नाही. घडवंचीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर पाण्याचं ओलं वळं.

बाई आल्यावर म्हटलं, सकाळी इथे घागर ठेवली होतीस ना? ती त्या वळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो, ठेवली होती. प्रश्न मिटला. या उन्हात सकाळचं पाणी दुपारपर्यंत कसं टिकलं, हा पदार्थविज्ञानाचा विषय. माझा नाही.

कर्व्हचा कागद गुंडाळून फळीवर ठेवला.

ता. २३ मे.

आज होकार मिळाला. तिसरा. पण धरता येत नाही. माणूस केनवडचा आहे, आपल्या गावचा नाही.

गोविंदसिंग नावाचा गाडीवान, स्टेशनवर हळदीची पोती टाकून परत चाललेला. वेशीजवळ भेटला. मी सवयीने विचारलं. तो बिडी पेटवत सहज म्हणाला, हो तं, पाह्यली. मागच्या आठवड्यात भर दुपारी बैलांना पाणी पाजायला बारवेवर थांबला होता. बाई पायऱ्या उतरून गेली. बाकीच्या बाया घागर डाव्या कमरेवर घेतात, हिने उजव्या. डावरी असन, म्हणाला. जाता जाता बैलांशी बोलली, लेकराशी बोलावं तसं : "पाय नका घालू बाप्पा पान्यात, लोकायले प्याचं हाय." मग खाली गेली. वर आली नाही.

तो हळहळून म्हणाला, "हितल्या मास्तराची बाईको हाय म्हंतात थे. गावात समद्यायले म्हायीत आहे. पाटलानं बजावलं म्हने, मास्तराले कोनी सांगू नका, आधीच अर्धा झाला तो."

मग त्याने विचारलं, "तुमी कोन?"

मी म्हणालो, मी सर्व्हे करतो.

ता. २४ मे.

बाईला समोर बसवून विचारलं. तिने पदर तोंडाशी धरला. म्हणाली, "समद्यायनं पाह्यली, शालिक. म्या बी पाह्यली. तुले कसं सांगू?" निजामुद्दीनकडे गेलो. त्याने दुकानाची फळी लावून घेतली आणि रडला. शाहजादी आतून म्हणाली, चेहरा तिने नाही पाहिला, पण बांगड्यांचा आवाज ओळखला. तिनेच भरल्या होत्या.

नव्वद घरं. ताक, गूळ, पानसुपारी. सगळे माझ्या तोंडावर खोटं बोलले.

सँपल रद्दी झालं. स्टँडर्ड एरर मुठीची चूक पकडतो. ही मूठ जास्त आली, ती कमी आली, एवढंच. दया त्यात धरलेली नाही. पुस्तकात दयेचा धडाच नाही.

रागावलो. खूप रागावलो. फळीवरचा कागद फाडायला घेतला, तर बाईने ताक आणून ठेवलं. ताक प्यालो.

आणि एक : सगळ्यांना दिसली. बहिऱ्याला दिसली. केनवडच्या बैलांना दिसली.

ता. २५ मे.

नवीन योजना. लोकांवर विसंबायचं नाही. निरीक्षक मी स्वतः. रोज दुपारी बारवेवर बसायचं. प्रत्येक दुपार म्हणजे एक नमुना. उद्देश केवळ खंडनाचा.

दाढी केली. नवं धोतर नेसलो. शास्त्रीय काम नीटनेटकं असावं. बाईने दारातून पाहिलं.

दिसलं नाही काही. पाणी खूप खाली गेलंय. खालच्या पायरीवर पारवे बसतात.

ता. २८ मे.

नाही.

एक पारवा अंगावरून गेला तेव्हा उभा राहिलो होतो. उगाच.

ता. १ जून.

नाही. एकदाही नाही.

प्रमाण शून्य. सूत्रात घातलं. प्रमाण शून्य असलं की स्टँडर्ड एररही शून्य येतो. शून्यापासून शून्यापर्यंत. म्हणजे गणित म्हणतं की ती मला दिसणार नाही, आणि यात तसूभरही शंका नाही. इतक्या वर्षांत कुठल्याच उत्तराने मला इतकी खात्री दिली नव्हती.

इतकी खात्री मला नको आहे.

आणि ती खोटी आहे! होकार पाच नाहीत, एकही नाही, इथे हा कर्व्ह लावताच येत नाही. नियम नियम असतो. नियम कोणी उगाच करत नाही. आठ वेळा नाही दिसली म्हणून नवव्यांदा दिसणार नाही, असं म्हणायचा कोणालाही अधिकार नाही.

उद्या थोडं लवकर जाईन. कदाचित माझ्या आधी येऊन जात असेल.

ता. ३ जून.

आज आवाज आला. बांगड्यांचा, पायऱ्यांवर. मी वळलो नाही. वळलं की जाईल असं वाटलं. पाण्याकडेच बघत राहिलो, ती खाली येईपर्यंत.

गोमतीबाई होती. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात कळशी. तिच्या मागे कमलीबाई, मागे आणखी दोघी. निमूट पाणी भरू लागल्या.

मी विचारलं, भीती नाही वाटत? गोमतीबाई म्हणाली, "तुमी बसले ना. तुमी बसून राह्यले तवापासून ती येत नाई." कळशी तिला एका हाताने उचलवेना. मी डोक्यावर ठेवून दिली.

वर गेल्यावर लक्षात आलं, ती काय म्हणाली ते.

ता. ४ जून.

विचार केला. मी बसतो म्हणून ती येत नाही. मी नसलो तर येते, पण मग मी नसतो. यावर सूत्र नाही.

ठरवलं, आज जायचं नाही. घरात दार लावून बसायचं आणि थोड्या वेळाने परसातून हळूच डोकवायचं. म्हणजे ती आलेली असेल.

दुपारी दार वाजलं. बाया होत्या, रिकाम्या घागरी घेऊन, उन्हात उभ्या. कोणाच्या पायात काही नाही. मी म्हणालो, मला बरं नाही. कोणी हललं नाही. शाहजादी सर्वांत मागे, बुरख्यात. तीच बोलली. "भाईजान, तिले बी आवडत नव्हतं कोनी तहानलेलं राह्यलेलं."

गेलो. बसलो. सगळ्यांनी पाणी नेलं.

ता. ७ जून.

मृग लागला. पाऊस नाही. पाटील घरी येऊन म्हणाले, बारव उघडीच राहील, बाया जातात आता. तुमचं गणित जिंकलं. मी आभार मानले. गणित कुठे होतं यात ते मलाही सांगता येत नाही. बाई म्हणाली, एकदा दुपारची सवय मोडली की भीती पन मोडते, आता तुझी गरज नाई पडाची. चांगलं झालं.

ता. ११ जून.

शाळा उघडते आहे. ट्रंक भरली. सँपलिंगचं पुस्तक तिसऱ्या धड्यापुढे गेलं नाही. नवं धोतर बारवेच्या दगडावर घासून फाटलं.

निजामुद्दीन बारवेपर्यंत सोबत आला. मी त्याला सांगितलं, मी गेल्यावर ती पुन्हा यायला लागेल. तेव्हा तू पळू नकोस. तिला निरोप दे. त्याने मान डोलावली. गंभीरपणे विचारलं, "काय सांगू?"

महिनाभर हाच विषय, आणि एक वाक्य सुचलं नाही. शेवटी म्हणालो, सांग, मी वाशीमला असतो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतो.

तो म्हणाला, पण ती तं दुपारची येते.

दुपारी एखादी गाडी आहे का, ते सकाळी स्टेशनवर विचारायला हवं.